सामाजिक उद्योजक होण्यामागची खरी प्रेरणा कशी ओळखावी?

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार.

सामाजिक उद्योग, म्हणजे समाजातला एखादा प्रश्न सोडवण्यासाठी चालवलेला व्यवसाय, सुरू करू पाहणाऱ्यांना सुरुवातीच्या काळात अर्थसाहाय्य देणाऱ्या एका लहानशा निधीच्या निवड समितीवर मी सध्या काम करतो. आमच्या अर्जात एक प्रश्न असतो: ‘या कामाची प्रेरणा आपल्याला कोठून मिळाली?’ वरवर पाहता अर्जातला हा सर्वांत सोपा प्रश्न आहे, पण गुण देताना माझी खरी पंचाईत याच प्रश्नापाशी होते, कारण जवळजवळ सगळ्या उत्तरांचा साचा एकच असतो. अर्जदार कोठेतरी गेलेला असतो, तेथे त्याला एखादे मूल किंवा एखादा आजारी माणूस दिसतो, त्या रात्री त्याला झोप लागत नाही आणि काही महिन्यांतच तो चांगल्या पगाराच्या नोकरीचा राजीनामा देतो. या कहाण्या खोट्या असतात असे मला सुचवायचे नाही. परंतु तेच दृश्य इतर अनेकांनीही पाहिलेले असते, त्यांतल्या काहींची झोपही उडालेली असते, आणि तरीही उद्योग उभारायला निघतो तो त्यांतला एखादाच. त्या एकाला कशाने बाहेर काढले, हे कहाणी कितीही मनापासून लिहिलेली असली तरी तिच्यातून कळत नाही.

दुसरी शंका ‘उद्योग’ या भागाविषयी आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून हेलावलेल्या माणसाला देणगी देता येते, फावल्या वेळात काम करता येते, एखाद्या स्वयंसेवी संस्थेत नोकरी धरता येते, आंदोलनात उतरता येते. हे सगळे मार्ग मोकळे असताना विक्री, कर्ज, पगारपत्रक आणि करभरणा यांच्या धबडग्यात तो स्वतःहून का शिरतो? आणि शेवटची शंका अशी की, सुरुवातीची प्रेरणा हीच पुढे टिकून राहते काय? तसे नसेल तर तिला गुण देण्यात तरी काय अर्थ आहे?

वाचन असो वा प्रत्यक्ष अनुभव, ज्यांच्यापाशी या विषयावर काही सांगण्यासारखे आहे त्यांनी अवश्य लिहावे.

जमाखर्च

पायवाट, मी तुमच्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण पहिलीचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे असे मला वाटते. सामाजिक संस्थांचे हिशेब तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे माझी नजर थोडी एकांगी असेल, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे निरीक्षण असे आहे की, दुःखाने माणूस मदतीला धावतो. उद्योगाकडे मात्र तो बहुतेक वेळा चिडून वळतो. ही चीड एका विशिष्ट प्रकारची असते. प्रश्न सुटण्यासारखा आहे, त्यासाठी लागणारी रक्कम हास्यास्पद वाटावी इतकी लहान आहे, आणि तरीही सध्याच्या व्यवस्थेत तो सुटत नाही, हे उघड दिसू लागले की ती येते. मुहम्मद युनूस यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातला हिशेब सहसा सांगितला जात नाही. 1974 च्या दुष्काळानंतर बांगलादेशातल्या चितगाव विद्यापीठातले हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक शेजारच्या जोब्रा गावात फिरू लागले. तेथे बांबूची मोडे (बसायची बैठी आसने) विणणारी एक स्त्री त्यांना भेटली. कच्च्या मालासाठी लागणारे पाच टाका तिच्यापाशी नसल्यामुळे ती ते व्यापाऱ्याकडून उसने घेई, आणि त्याच्या बदल्यात तयार माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने, विकावा लागे. दिवसभराच्या विणकामापोटी तिच्या हाती पन्नास पैसे उरत. युनूस यांनी अशा लोकांची यादी करवून घेतली तेव्हा 42 नावे निघाली, आणि त्या सर्वांची मिळून गरज होती 856 टाका, म्हणजे त्या वेळचे सुमारे 27 डॉलर.

ही रक्कम त्यांनी 1976 मध्ये स्वतःच्या खिशातून दिली. येथपर्यंतची गोष्ट दानाचीच आहे, आणि येथेच थांबणारे पुष्कळ सज्जन आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. युनूस यांना हे खटकले की प्रत्येक गावात प्रत्येक वेळी कोणा प्राध्यापकाच्या खिशावर विसंबून राहता येणार नाही. ते बँकेत गेले. तारण नसलेल्यांना कर्ज देता येत नाही, असे तेथे त्यांना सांगण्यात आले. अखेर ते स्वतः जामीन राहिले, कर्जे दिली गेली आणि ती फिटलीही. तरीसुद्धा बँकांचे मत बदलले नाही, आणि त्यातूनच 1983 मध्ये ग्रामीण बँक ही स्वतंत्र बँक उभी राहिली. या सगळ्या घटनाक्रमात करुणा आहेच; पण तिच्याबरोबर ‘हे गणित सुटते, मग तुम्ही ते का सोडवत नाही?’ असा एका अर्थशास्त्रज्ञाचा हट्टही आहे, आणि बँक उभी राहिली ती या हट्टामुळे.

त्याच देशातले दुसरे उदाहरण माझ्या व्यवसायाच्या अधिक जवळचे आहे. ‘ब्रॅक’ या संस्थेने ग्रामीण स्त्रियांना रेशीमकाम आणि हस्तकला यांचे साहाय्य देऊन माल तयार करवून घेतला खरा, पण शहरातले दुकानदार तो ठेवून घेत आणि विकला गेल्यावर, पुष्कळ उशिराने, पैसे देत. ज्या घरात उद्याच्या धान्याची सोय नाही त्या घरातल्या कारागिराला असे थांबणे परवडत नाही. म्हणून माल हाती येताच पैसे चुकते करता यावेत यासाठी 1978 मध्ये ‘आडोंग’ ही विक्रीसाखळी सुरू झाली. या उद्योगाच्या मुळाशी कोणतीही भारावून टाकणारी घटना नाही, थकलेली येणी आहेत. तुमच्या अर्जात असे उत्तर आले तर त्याला किती गुण पडतील, याचा विचार करून पाहा.

अभ्यासिका

जमाखर्च यांच्या प्रतिसादाला संशोधनाची थोडी जोड देते. हा विषय मी काही वर्षे शिकवला आहे.

सामाजिक उद्योजक होण्याचा मानस कसा तयार होतो, याविषयी सर्वाधिक चर्चिली गेलेली मांडणी योहाना मैर आणि एर्नेस्तो नोबोआ यांनी 2006 मध्ये केली. त्यांच्या मते माणसाला एखादी गोष्ट एकीकडे करावीशी वाटावी लागते आणि दुसरीकडे ती आपल्याला जमेल असेही वाटावे लागते. करावेसे वाटण्याच्या बाजूला त्यांनी सहवेदना आणि नैतिक विवेक या दोन गोष्टी ठेवल्या; जमेल असे वाटण्याच्या बाजूला स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास आणि भोवतालच्या लोकांचे पाठबळ. पायवाट यांच्याकडे येणाऱ्या कहाण्या जवळजवळ संपूर्णपणे पहिल्या बाजूच्या आहेत, हे येथे लगेच लक्षात येते. रात्रीची झोप उडणे ही सहवेदना झाली. तेवढ्यावर माणूस उठून बसेल, पण घराबाहेर पडेलच असे नाही.

काय हॉकर्ट्स यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मांडणीची चाचणी घेतली आणि तिच्यात पूर्वानुभवाची भर घातली. सामाजिक प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थांशी आधी आलेला संबंध हा मानस घडण्यास कारणीभूत ठरतो, मात्र तो थेट न ठरता इतर घटकांच्या मार्फत ठरतो, आणि त्या घटकांमध्ये सर्वांत प्रभावी असतो तो स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास, असा त्यांचा निष्कर्ष आहे. विशेष म्हणजे पूर्वानुभवाने सर्वाधिक वाढतो तोही हाच घटक. याचा व्यावहारिक अर्थ मी असा लावते: प्रश्नाच्या सान्निध्यात काही काळ घालवल्यामुळे माणसाचे मन अधिक कोमल होते की नाही ते सांगता येत नाही; पण ‘यातला हा एवढा भाग मला हलवता येईल’ ही जाणीव मात्र तेथेच येते. दुरून पाहणाऱ्याला प्रश्न अजस्र दिसतो, आणि अजस्र प्रश्नापुढे माणूस हात जोडून मोकळा होतो.

येथे एक इशारा दिला पाहिजे. या क्षेत्रातले बरेचसे संशोधन मानसाविषयी आहे, आणि ते पुष्कळदा विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन केलेले असते. ‘पुढे-मागे असा उद्योग सुरू करीन’ असे लिहिणारा विद्यार्थी आणि पहिल्या महिन्याचा पगार वाटण्यासाठी धडपडणारा संस्थापक यांच्यामध्ये मोठे अंतर आहे, आणि ते अंतर प्रश्नावलीने मोजले जात नाही.

करुणेला मी कमी लेखते आहे, असा मात्र समज नसावा. मिलर, ग्राइम्स, मॅकमलन आणि व्होगस यांनी 2012 मधल्या एका सैद्धांतिक लेखात करुणा माणसाच्या विचारपद्धतीतच बदल घडवते, असे प्रतिपादन केले आहे. करुणेने ग्रासलेला माणूस परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकत्र बांधू पाहतो, स्वतःच्या फायद्या-तोट्याच्या हिशेबात दुसऱ्याचा फायदाही धरू लागतो, आणि त्या दुःखाच्या निवारणाशी स्वतःला बांधून घेतो. जमाखर्च ज्याला चीड म्हणतात ती मला या करुणेचीच पुढची अवस्था वाटते. ज्याला त्या मोडे विणणाऱ्या स्त्रीविषयी काहीच वाटले नसते, त्याला 856 टाकांचा आकडा पाहून राग तरी कशाला आला असता?

दुसरी बाजू

चर्चा फारच सात्त्विक होत चालली आहे, म्हणून थोडे कडू लिहितो. राग नसावा.

प्रेरणेच्या कहाण्या एकसारख्या का असतात, याचे उत्तर अर्जदारांपेक्षा अर्ज मागवणाऱ्यांकडे आहे. बिल ड्रेटन यांनी 1980 मध्ये ‘अशोका’ ही संस्था स्थापन केली, 1998 मध्ये श्वाब प्रतिष्ठान आले, 1999 मध्ये स्कोल प्रतिष्ठान आले. या संस्थांनी मोलाचे काम केले आहे याविषयी वाद नाही. पण असामान्य व्यक्ती शोधून तिच्यामागे उभे राहणे हा ज्यांचा गाभा आहे अशा संस्था वाढल्या, की असामान्य व्यक्तीची गोष्ट सांगण्याची एक रीतही आपोआप ठरून जाते. व्यासपीठावर दहा मिनिटे मिळणाऱ्या माणसाने थकलेल्या येण्यांपासून सुरुवात केली तर समोरची माणसे घड्याळ पाहू लागतात. म्हणून तो उडालेल्या झोपेपासून सुरुवात करतो, काही काळाने त्याला स्वतःलाही तेच खरे वाटू लागते, आणि पुढचे अर्जदार तेच ऐकून तसेच लिहितात. पायवाट, तुमचा प्रश्नच ते उत्तर घडवतो आहे.

प्रेरणांच्या यादीत आणखीही काही गोष्टी असतात ज्या कोणी अर्जात लिहीत नाही. पहिल्या नोकरीतला कंटाळा असतो. ‘संस्थापक’ या बिरुदाचे आकर्षण असते. आपण भले आहोत ही भावना असते. जेम्स अँड्रिओनी यांनी 1990 मधल्या आपल्या लेखात दात्याला देण्याच्या कृतीतूनच मिळणाऱ्या समाधानाचा हिशेब अर्थशास्त्रात मांडला आणि दानामागे केवळ निखळ परोपकारच असतो असे मानता येत नाही, असे प्रतिपादन केले. या प्रेरणांना मी वाईट म्हणत नाही. कंटाळलेल्या माणसांनीही चांगली कामे केली आहेत. घोटाळा होतो तो उद्योजक आपल्या उपायाच्या प्रेमात पडतो तेव्हा, कारण मग प्रश्न सुटतो आहे की नाही हे पाहण्याची त्याला इच्छा उरत नाही.

‘प्लेपंप’चा इतिहास पाहा. मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचे, त्या फिरण्यातून जमिनीतले पाणी वर चढून टाकीत साठायचे आणि टाकीवरच्या जाहिरातींतून देखभालीचा खर्च निघायचा, अशी ती दक्षिण आफ्रिकेतली कल्पना होती. पाणी, खेळ आणि उत्पन्न या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रात! 2000 मध्ये तिला जागतिक बँकेचा पुरस्कार मिळाला, आणि 2006 मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी 1 कोटी 64 लाख डॉलरच्या निधीची घोषणा झाली. प्रत्यक्षात मुले कायम खेळत नसतात. ती नसली की पाण्यासाठी आलेल्या मोठ्या स्त्रियांना ते चक्र ओढून ओढून फिरवावे लागे, नादुरुस्त झाल्यावर ते तसेच पडून राही, आणि कित्येक ठिकाणी तर साधा हातपंप काढून त्या जागी ते बसवलेले होते. या लोकांच्या हेतूवर शंका घेण्यास मला जागा दिसत नाही. प्रेरणेला गुण द्यायचे झाले असते तर त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

उंबरठा

दुसरी बाजू यांचा मुद्दा मान्य करूनही मला वाटते की, प्रश्न स्वतःच्या घरात असलेल्या उद्योजकांचा विचार वेगळा करावा लागेल. त्यांना आपल्या उपायाच्या प्रेमात पडणे परवडत नाही, कारण तो चालला नाही तर त्याचे परिणाम जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोरच बसलेले असतात.

डेन्मार्कमधील थॉर्किल सोन्ने हे माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात चांगल्या पदावर होते. त्यांच्या धाकट्या मुलाला तीन वर्षांचा असताना स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. हा मुलगा सात वर्षांचा असताना त्याने एका कागदावर बऱ्याच चौकटी काढल्या आणि त्यांत आकडे लिहिले. चित्राचा बाह्य आकार युरोपच्या नकाशासारखा होता, पण आकडे कशाचे ते कोणालाच कळेना. नंतर वडिलांच्या लक्षात आले की, घरातल्या रस्त्यांच्या नकाशापुस्तकाच्या सुरुवातीला युरोप असाच चौकटींमध्ये विभागलेला होता, आणि कोणता भाग कोणत्या पानावर आहे ते त्या चौकटींत छापलेले होते. मुलाने ते पान न पाहता, आठवणीतून उतरवले होते, आणि पुस्तकाशी ताडून पाहता आकडे जुळत होते.

येथे लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी की, याच काळात सोन्ने स्वमग्न व्यक्तींच्या पालकांच्या संघटनेतही काम करीत होते, आणि मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांना नोकऱ्या मिळत नाहीत हे त्यांना रोज दिसत होते. दुसरीकडे, सॉफ्टवेअरची चाचणी घेण्यासारख्या कंटाळवाण्या पण काटेकोर कामाला लक्षपूर्वक काम करणारी माणसे मिळत नाहीत, हे त्यांना नोकरीमुळे माहीत होते. ही दोन ज्ञाने एकाच माणसापाशी होती. घर गहाण ठेवून त्यांनी 2004 मध्ये ‘स्पेशालिस्टर्ना’ ही कंपनी काढली, आणि तिथल्या स्वमग्न कर्मचाऱ्यांच्या सेवा ग्राहक कंपन्यांना बाजारभावाने पुरवल्या जाऊ लागल्या. हे दान नसावे, या माणसांच्या कामाला खरी किंमत यावी, हा त्यांचा आग्रह होता. पायवाट यांनी विचारले होते की उद्योगच का. तर काही प्रश्नांच्या बाबतीत उद्योग हे साधन नसते, तोच उपाय असतो. ज्याला कोणी कामावर घेत नाही त्याला देणगी देऊन त्याचा प्रश्न सुटत नाही.

पायवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसरी बाजू यांनी प्रश्नालाच दोषी धरले, ते मला पटले आहे.

तिसऱ्या शंकेवर मात्र अजून फारसे कोणी लिहिलेले नाही. आमच्या समितीतले एक ज्येष्ठ सदस्य नेहमी म्हणतात की, ‘आतून’ आलेली प्रेरणा टिकते आणि ‘बाहेरून’ आलेली विरते. मला हे इतके सरळ वाटत नाही. ज्याला या कामात पडायचेच नव्हते, असा कोणी पुढे आयुष्यभर त्यात राहिला, असे घडले आहे काय? आणि उलट, अस्सल हेतूने सुरू झालेले काम पुढे भलतीकडे गेले, तर त्याचा दोष मूळ प्रेरणेला द्यायचा का?

मध्यंतर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे ‘होय’ असे देता येते. वर्गीस कुरियन 1949 मध्ये आणंदला आले ते केवळ सरकारी करारामुळे. सरकारी शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकले होते, तिच्या बदल्यात नेमून दिलेल्या जागी नोकरी करणे भाग होते, आणि दुग्धव्यवसायात त्यांना फारसा रस नव्हता. मुदत संपायची ते वाट पाहत होते, आणि सुटका झाल्यावर सामान बांधून निघण्याच्या तयारीतही होते. जवळच्याच दूध उत्पादक सहकारी संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल यांनी यंत्रसामग्री बसेपर्यंत काही दिवस थांबण्याची गळ घातली, आणि ते काही दिवस पुढे जन्मभर पुरले. त्यांना सामाजिक उद्योजक म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल, कारण मालकी शेतकऱ्यांची होती आणि ते स्वतःला शेतकऱ्यांचे नोकर म्हणवून घेत. पण आपला मुद्दा प्रेरणेचा आहे. येथे प्रेरणा आधी आणि काम नंतर, असा क्रमच नाही. आधी काम गळ्यात पडले, त्यात कौशल्य पणाला लागले, आपल्या कौशल्याचा कोणाला तरी उपयोग होतो आहे हे दिसू लागले, आणि त्यातून निष्ठा तयार झाली. त्यांना 1949 मध्ये तुमचा अर्ज भरायला दिला असता तर प्रेरणेच्या रकान्यात त्यांनी काय लिहिले असते, कोण जाणे!

याच्या दुसऱ्या टोकाला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी आहेत. त्यांची प्रेरणा श्रीअरविंदांच्या विचारांतून आलेली, म्हणजे तुमच्या ज्येष्ठ सदस्यांच्या भाषेत पूर्णपणे ‘आतली’, होती. तरुणपणी संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली, तरी त्यांनी शस्त्र धरण्याची नव्याने सवय केली आणि नेत्रशस्त्रक्रियांचे शिक्षण घेतले. सरकारी नोकरीतून 58 व्या वर्षी निवृत्त झाल्यावर, 1976 मध्ये, त्यांनी मदुराईत अवघ्या 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. निवृत्तीपूर्वीच त्यांनी सरकारी शिबिरांमधून असंख्य शस्त्रक्रिया केलेल्या होत्या. अभ्यासिका ज्याला पूर्वानुभव म्हणतात तो येथे कित्येक वर्षांचा आहे. पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून मोफत रुग्णांचा खर्च भागवायचा, आणि त्यासाठी शस्त्रक्रियांचा वेग व शिस्त एवढी वाढवायची की प्रत्येक शस्त्रक्रियेचा खर्च उतरेल, ही त्यांची पद्धत. पुढे डोळ्यात बसवायची आयात भिंगे महाग पडतात म्हणून 1992 मध्ये ‘ऑरोलॅब’ हा स्वतःचा कारखानाही निघाला. अध्यात्म आणि कारखानदारी यांत या माणसाला काही विसंगती वाटलेली दिसत नाही.

म्हणून आतून-बाहेरून हा निकष मला निरुपयोगी वाटतो. त्यापेक्षा मी असे पाहीन: काम पुढे सरकत असताना माणसाला त्या कामातूनच नवे इंधन मिळते आहे काय? ज्याच्या उत्साहाचा सगळा साठा पहिल्या प्रसंगातच भरलेला असतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रिकामा होतो. आणि ते वर्ष प्रत्येकाच्या वाट्याला येतेच, कारण तोवर नवलाई संपलेली असते आणि नफा मात्र अजून दूर असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक अवघड आहे. मेक्सिकोतील ‘कॉम्पार्तामोस’ ही संस्था 1990 मध्ये गरीब स्त्रियांना लहान कर्जे देणारी ना-नफा संस्था म्हणून सुरू झाली. 2007 मध्ये तिचे समभाग बाजारात विकले गेले तेव्हा आधीच्या भागधारकांना प्रचंड लाभ झाला, आणि त्या लाभाचा उगम असलेल्या चढ्या व्याजदरांवर खुद्द युनूस यांनी जाहीर टीका केली. संस्थेच्या बाजूने असा युक्तिवाद होता की, बाजारातून भांडवल आले तरच कोट्यवधी गरिबांपर्यंत कर्ज पोहोचेल. मी यात कोणाच्याही मूळ हेतूला दोष देणार नाही. मालकी कोणाची, नफ्याचे काय करायचे आणि व्याजदर कोण ठरवणार, या गोष्टी ज्या कागदांवर लिहिल्या जातात ते कागद संस्थापकाच्या हृदयापेक्षा जास्त काळ टिकतात. युनूस यांनी आपल्या ‘सामाजिक व्यवसाय’ या कल्पनेत गुंतवणूकदाराला मूळ रक्कम परत मिळेल पण लाभांश मिळणार नाही अशी अट घातली आहे, ती याच कारणासाठी असावी. निवड समितीने प्रेरणेऐवजी हे कागद वाचले तर तिला भविष्याविषयी अधिक कळेल.

अभ्यासिका

मध्यंतर यांनी कुरियन यांच्या संदर्भात त्रिभुवनदास पटेलांचा उल्लेख केला, त्यावर एक पुरवणी. मैर आणि नोबोआ यांच्या मांडणीतला ‘पाठबळ’ हा चौथा घटक आपण सगळ्यांनीच घाईने ओलांडला आहे. ब्रॅकचे संस्थापक फजले हसन आबेद यांनी तेल कंपनीतली नोकरी सोडली आणि लंडनमधले आपले घर विकून आलेला पैसा 1972 मध्ये विस्थापितांच्या पुनर्वसनाला लावला, ही त्यागाची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण विकायला घर असावे लागते. सोन्ने यांच्यापाशीही गहाण ठेवायला घर होते. वेंकटस्वामींचे भाऊ-बहिणी आणि त्यांची कुटुंबे रुग्णालयाच्या कामाला जुंपली गेली होती. ज्यांच्या प्रेरणेचा आपण अभ्यास करतो ती सर्व माणसे, काही ना काही आधार असल्यामुळे, त्या प्रेरणेवर कृती करू शकलेली माणसे आहेत. तितकीच तीव्र इच्छा असलेली, पण महिनाअखेर घरी पैसे पाठवणे भाग असलेली माणसे आपल्या नमुन्यात येतच नाहीत, आणि मग आपण असा समज करून घेतो की त्यांच्यात प्रेरणाच नव्हती.

‘अशोका’वर दुसरी बाजू यांनी टीका केली, पण या बाबतीत त्या संस्थेने फार पूर्वीच एक शहाणपणाची गोष्ट केली: निवडलेल्या व्यक्तीला पूर्ण वेळ काम करता यावे म्हणून निर्वाहासाठी मानधन देण्याची पद्धत तिने पाडली. प्रकल्पाला पैसे देणारे पुष्कळ असतात, प्रकल्प चालवणाऱ्याच्या घरभाड्याचा विचार करणारे फार थोडे.

पायवाट (धागाकर्ता)

आमच्या निधीच्या नियमांत संस्थापकाच्या स्वतःच्या निर्वाहासाठी काहीही तरतूद नाही. उलट ‘संस्थापकाने मानधन घेऊ नये’ अशी अपेक्षा अर्जाच्या सूचनांमध्ये लिहिलेली आहे. पुढच्या बैठकीत हा विषय मांडतो. प्रेरणेचा प्रश्न अर्जातून काढून टाकावा असे मात्र मला अजूनही वाटत नाही, कारण काही अर्जदारांना ते सांगावेसे वाटते. त्याचे गुण काढून टाकावेत, आणि त्याऐवजी या प्रश्नाशी आपला संबंध किती काळाचा आहे, आपल्याआधी कोणी काय करून पाहिले आणि ते का अपुरे पडले, असे विचारावे, असा प्रस्ताव ठेवीन.

जमाखर्च

प्रस्ताव चांगला आहे. मानधनाविषयी हिशेबनिसाची एक सूचना: ती तरतूद अर्जाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून मागा, ऐच्छिक ठेवू नका. ऐच्छिक ठेवली की आपण किती निःस्वार्थी आहोत हे दाखवण्यासाठी प्रत्येक जण त्या जागी शून्य लिहितो. मग दोन वर्षे ताळेबंद उत्तम दिसतो, कारण सर्वांत महाग कर्मचारी फुकट राबत असतो, आणि त्याच्या जागी दुसरा माणूस नेमायची वेळ आली की उद्योग तोट्यात असल्याचे पहिल्यांदा उघड होते. अशा संस्थांची खाती तपासताना मी संस्थापकाचा न घेतलेला पगार बाजारभावाने खर्चात धरून आकडेमोड पुन्हा करतो. तुमच्या समितीलाही निवड करताना ती करून पाहता येईल.